बर्फाखालची दहा मिनिटे



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागातील मराठी शाळा असे विषय झाले. यंदा एक होमिओपॅथिक डॉक्टर हिमस्खलनावर बोलायला उभा आहे. बेळगावकरांना बर्फ ठाऊक आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तेव्हा हा विषय का निवडला, ते आधी सांगायला हवे.

आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. इथे तयार झालेले जवान पुढे हिमालयातल्या चौक्यांवरही जातात आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरची माणसे आपल्या आसपास राहतात. दवाखान्याच्या इतक्या वर्षांत अशा घरांतल्या पुष्कळ बायका माझ्यासमोर बसल्या. त्यांतल्या एका आईने गुडघ्याचे औषध घेता घेता विचारले होते, "डॉक्टर, माणूस बर्फाखाली गेला तर किती वेळ टिकतो हो?" मी म्हटले, "काळजी करू नका, तिकडे सगळी सोय असते." हे तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि ते मला तेव्हाही कळत होते.

दुसरे कारण घरातले. माझा धाकटा मुलगा कॅनडात कॅल्गरीला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. "अण्णा, आम्ही चौघे स्कीवर जाणार आहोत. आखून दिलेल्या मैदानात नाही, मोकळ्या डोंगरात." मी नको म्हटले. त्याची आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो म्हणाला, "आधी शिकणार, मग जाणार. मी काय शिकतो ते तुम्हीही वाचा." आणि त्याने अभ्यासक्रमाची टिपणे पाठवली. मी ती वाचायला घेतली ती खोट काढण्यासाठी. वाचता वाचता त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले.

लादी कशी सुटते

हिमस्खलन म्हटले की डोंगरावरून गडगडत येणारा आणि वाटेत मोठा होत जाणारा गोळा आपल्या डोळ्यांसमोर येतो. हे चित्रपटांनी दिलेले चित्र आहे. माणसे मारणारे हिमस्खलन बहुधा लादीचे असते.

डोंगरावर हिवाळाभर बर्फ थराथराने साठतो आणि सगळे थर सारखे घट्ट नसतात. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, तर वरची हवा उणे वीसपर्यंत उतरते. बर्फाचा थर पातळ असेल तर त्याच्या आत दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून अधिक फरक पडतो. मग आतली वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून न राहता साखरेसारखे सुटे होतात. पुढे वारा नवा बर्फ आणून त्यावर घट्ट बसवतो. नाचणीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवली आणि सगळेच तिरके केले तर जे होईल, तेच इथे होते. एखादा माणूस त्या फरशीवर आला, त्याच्या वजनाने खालचे दाणे एका जागी दबले, की तो मोड क्षणात दूरवर पसरतो आणि सबंध लादी एकदम सुटते. माणूस त्या वेळी बहुतेकदा लादीच्या मधोमध उभा असतो.

यात उताराचा कोन महत्त्वाचा. अशा लाद्या मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट जागी लादी सहसा घसरत नाही; फार उभ्या कड्यावर बर्फ जाडीने साठतच नाही. अडचण अशी, की स्कीचा आनंदही याच उतारांवर असतो. म्हणून कोनमापक खिशात ठेवून प्रत्येक उतार मोजायला शिकवतात. शिवाय हेही शिकवतात, की आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर कोणता उतार आहे ते पाहावे.

या टिपणांत एक गोष्ट वाचून मला हायसे वाटले. मोकळ्या डोंगरात फिरणाऱ्यांचे जे मृत्यू होतात, त्यांत दहापैकी सुमारे नऊ वेळा ते हिमस्खलन मरणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेले असते. म्हणजे हे आकाशातून कोसळलेले संकट क्वचितच असते. जे आपल्या पायाने सुरू होते, ते बहुतेक वेळा आपला पाय आवरून टाळता येते.

श्वासाचा हिशेब

आता त्या आईचा प्रश्न. लोकांना वाटते, बर्फात माणूस थंडीने मरतो. थंडीने मरायला वेळ लागतो. साधारण पहिल्या तासाभरात थंडी हे मृत्यूचे मुख्य कारण नसते. काही जण झाडांवर, खडकांवर आपटून दगावतात. पश्चिम कॅनडातल्या अभ्यासात असे मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांश होते. बाकीचे बहुतेक श्वास कोंडून जातात.

सुटलेला बर्फ थांबला की सिमेंट बसावे तसा घट्ट होतो. आतल्या माणसाला हाताचे बोटही हलवता येत नाही. नाकातोंडासमोर ओंजळभर पोकळी उरली असेल तर काही काळ श्वास चालतो, कारण बर्फाच्या कणांमध्ये हवा असते. पण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ऊब आणि वाफ बाहेर पडते. समोरचा बर्फ थोडा वितळतो आणि लगेच गोठतो. त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो आणि त्यातून हवा जाईनाशी होते. मग माणूस स्वतः सोडलेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा आत ओढतो. म्हणूनच शिकवतात, की लोट थांबायच्या आत हात तोंडासमोर आणा.

स्वित्झर्लंडमध्ये या अपघातांच्या नोंदी फार काळजीने ठेवल्या जातात. त्यांवरून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिली पंधरा मिनिटे आशेची मानली होती. १९८१ ते २०२० या काळातील नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा ती मुदत दहा मिनिटांवर आली. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक जगतात. अर्ध्या तासापर्यंत हा आकडा तिसाच्या आसपास उतरतो.

तुम्ही म्हणाल, मग हणमंतप्पांचे काय? आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवरील सोनम चौकीवर नऊ साथीदारांसह गाडले गेले. सहा दिवसांनी ते जिवंत सापडले. त्या दिवशी आपल्या गावातही देवळांत, बस्तींत प्रार्थना झाल्या असतील. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बाकीचे नऊ जण आधीच गेले होते. हणमंतप्पांच्या तंबूत हवेची पोकळी राहिली होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार गाडले गेले. त्यांपैकी ४६ वाचले, त्यांत लोखंडी कंटेनरमध्ये असलेल्यांना त्या भिंतींनी हवा राखून दिली. हवा असेल तर थंडी माणसाला पुष्कळ वेळ देते. हवा नसेल तर दहा मिनिटे.

सोबती हाच बचावपथक

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. फोनला रेंज असली आणि हवा स्वच्छ असली तरी नाही. म्हणजे वाचवणारे हात त्या क्षणी तिथे असलेल्यांचेच. मुलाच्या टिपणांतली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटली.

म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यातच. पहिली ट्रान्सीव्हर. मुठीएवढे हे यंत्र अंगावर बांधायचे. ते सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडते. दुसरी प्रोब, म्हणजे झटक्यात उघडणारी अडीच-तीन मीटरची घडीची काठी. तिसरे धातूचे फावडे. एक वस्तू कमी असली तरी बाकीच्या दोन जवळजवळ निरुपयोगी.

हिमस्खलन थांबल्यावर एकाने सूत्रे हाती घ्यायची. वरून आणखी बर्फ येण्याचा धोका आहे का ते पाहायचे. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा लक्षात ठेवायची. बाकी सगळ्यांनी आपापली यंत्रे शोधावर लावायची. एकाचे जरी संदेश सोडत राहिले तरी सगळे त्याच्याच मागे लागतात. मोबाइल बंद करून दूर ठेवायचा, कारण तो यंत्राला चकवतो. संदेश मिळाला की बाण दाखवील तिकडे जायचे. ही वाट सरळ नसते; लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस जसा वळणे घेतो, तशा वळणाने ती जाते. शेवटच्या तीन मीटरवर यंत्र बर्फालगत धरून हळू फिरवायचे आणि सर्वांत लहान आकडा दाखवणारी जागा पकडायची. तिथून पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर अंतराने गोल गोल वाढत काठी खुपसायची. माणूस लागला की काठी तशीच ठेवायची.

आणि मग खणायचे. नवशिका काठीच्या बुडाशीच उभा खड्डा खणतो. त्याने गाडलेल्याच्या डोक्यावर आपले वजन येते आणि खड्डा अरुंद होत जातो. शिकलेला माणूस उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आडवे खणत येतो. मागचे सोबती पाचराच्या आकारात उभे राहून बर्फ मागे ढकलतात आणि पुढचा थकायच्या आत जागा बदलतात. साचलेल्या अशा एका घनमीटर बर्फाचे वजन तीनशे ते पाचशे किलो असते. शोधाला दोन-तीन मिनिटे लागली तरी खणण्यात त्याच्या कितीतरी पट जातात. म्हणून प्रगत अभ्यासक्रमात फावडे चालवण्याचाही वेगळा सराव असतो.

आधी चेहरा मोकळा करायचा, मग छाती. श्वास नसेल तर हृदय दाबायला सुरुवात करण्याआधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, कारण हे हृदय श्वास कोंडल्याने थांबलेले असते. बराच वेळ गाडलेल्याला आडवा ठेवून, हलक्या हाताने उचलायचे. गारठलेले हृदय धसक्याने बंद पडू शकते.

प्रगत अभ्यासक्रमातला एक धडा वाचून मी पुस्तिका मिटून ठेवली होती. तिघे गाडले गेलेत आणि वर दोघेच उरलेत, तर काय करायचे? उत्तर असे, की जो जवळ आणि उथळ आहे, त्याला आधी काढायचे. खोल असलेल्याला नंतर, मग तो सख्खा भाऊ का असेना. एका खोलातल्याच्या मागे लागून तिघे गमावण्यापेक्षा दोघांना वाचवायचे. हा हिशेब डोंगरात, रडत असताना करता येत नाही. म्हणून तो आधी, सपाटीवर, पुरलेल्या पिशव्या शोधत पुन्हा पुन्हा करून घेतात.

विहीर

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. दवाखाना थाटून दोन वर्षे झाली होती. मे महिन्यात जवळच्या एका खेड्यातून सायकलवर माणूस आला. बारा-तेरा वर्षांचा मुलगा विहिरीत पोहताना बुडाला होता. मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. मुलाला लोकांनी पाच-सहा मिनिटांतच वर काढले होते. मग त्याला पालथा घालून पोटातले पाणी काढत बसले आणि डॉक्टरची वाट पाहत राहिले. वीस-पंचवीस माणसे होती. कुणीही त्याच्या तोंडात श्वास फुंकला नाही.

माझ्या पेटीत त्या वेळी शंभर-सव्वाशे औषधे होती. त्यांतले एकही कामाचे नव्हते. अधिक खरे बोलायचे तर, मी पाचव्या मिनिटाला तिथे असतो तरी काय केले असते, याची मला खात्री नाही. कृत्रिम श्वास मी परीक्षेपुरता वाचला होता, हाताने एकदाही दिला नव्हता. त्या मुलाच्या वडिलांनी माझे पाय धरले, तेव्हा मला हे ठाऊक होते आणि त्यांना नव्हते.

बुडणे आणि बर्फाखाली जाणे या वैद्यकाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हींत आधी श्वास जातो, मग हृदय. दोन्हींत आधी श्वास द्यायचा असतो. दोन्हींत डॉक्टर उशिराच पोचतो.

शिकलेल्यांचे अपघात

एवढे शिकले की माणूस सुरक्षित झाला का? इथे प्रगत शिक्षणाचा खरा भाग सुरू होतो. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातील सातशेहून अधिक अपघात तपासले. त्यांत असे दिसले, की ओळखीच्या डोंगरात प्रगत शिक्षण घेतलेले गटही जवळजवळ न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करत होते. ज्ञान होते, पण पाय सवयीने चालत होते. "इथे नेहमी येतो." "इतक्या लांब आलोय, आता परत कशाला?" "आपल्यातला अनुभवी पुढे आहे ना." "बाकीचे गेलेच की." ही वाक्ये कॅनडातली असली तरी तुमच्या-माझ्या ओळखीची आहेत. रुग्णाचे निदान पहिल्या दोन मिनिटांत ठरवून टाकणारा अनुभवी डॉक्टर याच वाटेने चुकतो. मीही चुकलो आहे.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कॅनडातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, रॉजर्स खिंडीजवळच्या कॉनॉट क्रीकमध्ये, कॅल्गरीजवळच्या एका शाळेची दहावीची चौदा मुले आणि तीन मोठी माणसे स्कीवर निघाली होती. सर्वांजवळ साधने होती. चीऑप्स डोंगरावरून लादी सुटली. वरच्या बाजूने जाणाऱ्या दोन वाटाड्यांनी ती पाहिली, ओरडून सावध केले आणि लगेच खाली येऊन खणायला सुरुवात केली. त्यांच्यामुळे कित्येक वाचले. तरी सात मुले गेली.

त्यानंतर कॅनडाने दोन गोष्टी केल्या. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी डोंगरातील वाटांची साधी, अवघड आणि गुंतागुंतीची अशी वर्गवारी केली, आणि शाळकरी मुलांच्या गटांना तिसऱ्या वर्गात बंदी, दुसऱ्यात प्रमाणित वाटाड्याची सक्ती केली. आणि २००४ साली जनतेसाठी एक केंद्र उभे राहिले. आज ते ॲव्हलांच कॅनडा या नावाने ओळखले जाते. ते हिवाळ्यात धोक्याच्या पाच पायऱ्यांची सूचना काढते आणि शिक्षणाचे टप्पे ठरवते. पाचवी पायरी असते तेव्हा फारसे कुणी बाहेर पडत नाही. पुष्कळ बळी तिसऱ्या पायरीला जातात, कारण त्या दिवशी 'चालेल' असे वाटते.

आपल्याकडेही हे दुःख नवे नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमातले प्रशिक्षणार्थी आणि शिक्षक 'द्रौपदी का दांडा' शिखराजवळ हिमस्खलनात सापडले. २९ जण गेले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेल्या शिक्षिका सविता कंसवाल होत्या. शिक्षण हे कवच नव्हे, हे त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन दिसले.

म्हणून चार दिवसांच्या प्रगत अभ्यासक्रमात यंत्रांइतकाच वेळ निर्णयावर जातो. बर्फात खड्डा खणून थर पाहायचे. नव्वद सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असा बर्फाचा ठोकळा सुटा करून त्याच्या एका टोकाला फावडे ठेवायचे आणि त्यावर दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून द्यायच्या. मोड या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, तर हा उतार आज आपला नाही. पण परीक्षा चांगली आली म्हणून जायचे, असा उलटा नियम नाही. परतीची वेळ घरीच ठरवायची. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा. आणि गटातल्या कुणीही, अगदी सर्वांत नवख्याने, नको म्हटले तर सगळ्यांनी फिरायचे. कारण विचारायचे ते गाडीत बसल्यावर.

आमच्या घरी मुनिमहाराज आहाराला येतात तेव्हा चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकतात. वाट रोजची असली तरी पाहतात. लहानपणी मला वाटे, हे केवळ मुंगीसाठी. आता वाटते, ओळखीच्या वाटेवर माणूस पाहायचे थांबतो, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक असावे.

फेब्रुवारीत मुलाचा फोन आला. चौघे पहाटे निघून तीन तास चढले होते. शेवटच्या उतारापाशी गटातली नवी मुलगी म्हणाली, "मला बरे वाटत नाही इथे." ते परतले. तो उतार सुटला का, असे मी विचारले. म्हणाला, "नाही अण्णा. कदाचित सुटलाही नसता. ते कधीच कळत नाही." त्याच्या आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याने दुपारी काय खाल्ले ते विचारले.

त्या जवानाच्या आईला मी आता खरे उत्तर देईन. बर्फाखाली हवा नसेल तर फार वेळ नाही. पण तिच्या मुलाच्या शेजारचा जवान हे काम शिकलेला असला, तर त्या थोड्या वेळाचा उपयोग होतो.

शेवटी संघाकडे एक मागणे. आपल्याकडे बर्फ नाही, पण विहिरी आहेत, तळी आहेत, कालवे आहेत आणि मे महिना दर वर्षी येतो. परीक्षा संपण्याआधीचा एक रविवार याच सभागृहात द्यावा. सरावाचा पुतळा मी मागवतो, शिकवायला जाणकार मिळवून देतो. व्याख्यान नको. प्रत्येक घरातून एकाने यावे, गुडघ्यावर बसावे आणि श्वास द्यायला शिकावे. मी पहिल्या रांगेत असेन. मलाही पुन्हा शिकायचे आहे.